काचघरातली सवत

४ मार्च

आईचा रक्तदाब वाढला आहे आणि डॉक्टरांनी घरात आवाज चढवायला मनाई केली आहे. हे सांगताना ते माझ्याकडेच बघत होते. ठीक आहे, नाही चढवत. पण राग काही डॉक्टरांना विचारून येत नाही. तो कुठेतरी काढायला हवा, म्हणून ही वही. इथे मी हवं तेवढं ओरडणार आहे.

तर ओरडते. काचघरात कीड आली आहे.

सकाळी नेहमीप्रमाणे पानं पुसायला गेले. दूध-पाण्याची वाटी आणि बाबांचं फडकं घ्यायचं, दारापासून सुरुवात करायची आणि एकेक बाक करत शेवटपर्यंत जायचं, ही बाबांची पद्धत. फडकं त्यांच्याच जुन्या सदऱ्याचं आहे. नवं कापड ऑर्किडच्या पानाला ओरखडे काढतं, फडकं जितकं जुनं तितकं मऊ, असं ते म्हणायचे. दुसऱ्या बाकावर एका पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेला धरून, तपकिरी ठिपके हाताला लागले. मोहरीएवढे. आधी वाटलं डाग असतील. नखाने खरवडलं तर टवका निघाला आणि खाली ओलसर पिवळं काहीतरी होतं. पान चिकट झालेलं. मग बघत गेले तर शेजारच्या कुंडीतही तेच, पुढच्या बाकावरही तेच. दिसला तो प्रत्येक ठिपका फडक्याने निपटून काढला आणि पुढच्या कुंडीकडे गेले. दुपारपर्यंत मान मोडून आली.

शेवटच्या बाकावर सवत आहे. सवत म्हणजे बाबांनी स्वतः दोन जातींचा संकर करून तयार केलेलं ऑर्किड. फूल पांढरं आणि घशात हिरवी झाक. दुसरीकडे कुठेही नाही, फक्त आमच्या त्या एका बाकावर. बी रुजवल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत माझा धाकटा भाऊ शाळेतून कॉलेजात गेला. बाबा सारखे तिच्यापाशीच बसलेले असायचे म्हणून आईने तिचं नाव सवत ठेवलं आणि रागाने काचघरात पाऊल टाकायचं सोडलं. बाबा जाऊन वर्ष होत आलं, तरी आई जेवताना विचारतेच, "माझी सवत बरी आहे ना गं?"

बरी आहे. तिच्या पानांवर काही दिसलं नाही, तरी दोनदा पुसून काढली.

आता प्रश्न असा, की बाबांच्या अख्ख्या हयातीत जी कीड आली नाही ती आत्ताच कशी आली? उत्तर माझ्यासमोर बसून चहा पीत होतं. भावजय.

५ मार्च

धाकट्याची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे तिला जगात सगळीकडे जंतू दिसतात. दिवसातून इतक्या वेळा हात धुते की साबण आमच्या घरात टिकत नाही. आल्या आल्या काचघरातला एक कोपरा मागून घेतला आणि तिथे आपल्या जांभळ्या ऑर्किडच्या कुंड्या मांडल्या, दुकानात चॉकलेटांच्या शेजारी मिळतात तसल्या. बाबांनी "मांड की" म्हटलं होतं. बाबांचं काय, ते सगळ्यांनाच "मांड की" म्हणायचे. मी त्या कुंड्यांना आजवर बोट लावलेलं नाही. त्यांची पानं पुसायला मी काय मोलकरीण आहे?

आज मी अगदी हळू आवाजात तिला म्हटलं, "तुझ्या त्या कुंड्यांमधूनच आलंय हे."

"असेलही, ताई," ती म्हणाली. "मी माझ्या सगळ्या तपासते. पण तोवर एक कराल का? प्रत्येक झाडाला कापसाचा वेगळा बोळा घ्या. एकच फडकं सगळ्यांना नको. आमच्याकडे एकाची सुई दुसऱ्याला..."

"झाडं म्हणजे पेशंट नाहीत."

"आजारी पडली की होतात ना."

यावर धाकटा हसला. माझा सख्खा भाऊ हसला! बाबांच्या फडक्याबद्दल ही बोलते आणि तो बिस्कीट बुडवत हसतो. कानामागून आली आणि तिखट झाली. मला बाबांनी फडकं धरायला शिकवलं तेव्हा ही बाई पाळण्यात असेल.

११ मार्च

धाकट्याने एक कीडतज्ज्ञ आणला. गळ्यात भिंग अडकवलेला किडकिडीत माणूस. मी त्याचं नाव भिंगवाला ठेवलं. आत येताना त्याने बुटांवर पिशव्या चढवल्या. भावजयीचे डोळे असे चमकले की जणू माहेरचं माणूस आलं.

ही खवले कीड म्हणे. मोठी झाली की ढाल पांघरून एका जागी बसते, रस पिते आणि त्या ढालीखाली पिल्लं घालते. पिल्लं डोळ्यांना धड दिसत नाहीत, धुळीसारखी असतात, पण चालतात. "त्यांची चाल फार नाही," भिंगवाला म्हणाला. "या पानावरून त्या पानावर, बस. लांबचा प्रवास त्यांना कोणीतरी घडवतं. हात, कात्री, कपडे."

कपडे! मी भावजयीच्या अंगावरच्या लॅबच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं, पण माझ्या हाताकडे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जाताना त्याने दुधाची वाटी उचलून वास घेतला आणि विचारलं, "हे कशासाठी?" मी बाबांची पद्धत सांगितली. तो नुसतं "हं" म्हणाला. मग म्हणाला, "थोडे दिवस पुसणं बंद ठेवा."

मी म्हटलं, "तुम्ही थोडे दिवस आंघोळ बंद ठेवाल का?"

धाकट्याने कपाळाला हात लावला. फवारणीचं औषध तेवढं घेतलं आणि त्याला वाटेला लावलं. औषध बरोबर असेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मला सहन होत नाहीत.

१३ मार्च

फवारणी झाली. डोकं भणभणतंय. सवतीवर फवारताना फार जिवावर आलं.

२६ मार्च

ठिपके वाळले! नखाने उडवले की पापुद्र्यासारखे पडतात. भिंगवाल्याने दुसरी फवारणी सांगून ठेवली होती, तीही झाली. पण औषधाचे पांढरे डाग सगळ्या पानांवर पडले होते. काचघर कसं रया गेलेलं दिसत होतं. आज सकाळपासून एकेक पान दूध-पाण्याने पुसून काढलं. कडेच्या एक-दोन कुंड्यांवर अजून थोडं चिकट लागलं, तेही पुसलं. मग सवतीचा बाक. तिच्या एका कुंडीत कंदाच्या बुडाशी फुलाच्या दांड्याचं टोक दिसतंय. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलं फूल असेल. मी तिथेच उभी राहून रडले. कोणी बघितलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, नवरा गेला तरी नटायचं काही सोडत नाही."

९ एप्रिल

परत आली. सगळीकडे आली. आणि आता सवतीवरही.

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. सवतीच्या बाकावर एकही कुंडी सुटलेली नाही. पानांच्या मागे, कंदांच्या बेचक्यात, दांड्याच्या कोवळ्या सालीवरसुद्धा. आणि जिच्यामुळे हे झालं तिच्या जांभळ्या कुंड्या? एक ठिपका नाही. मी पान न् पान बघितलं, लांबून, हात न लावता. स्वच्छ. तुकतुकीत. अख्ख्या काचघरात तेवढा एक कोपरा सुखरूप!

याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा? ती गुपचूप आपल्या झाडांना काहीतरी घालते आहे आणि आमची मरू देते आहे.

धाकट्याला हाताला धरून नेलं आणि कोपरा दाखवला. त्याने वाकून पानं बघितली. मग म्हणाला, "ताई, त्या कोपऱ्यात ती काय करते ते सोड. तू काय करत नाहीस ते सांग."

"म्हणजे?"

"तूच विचार कर."

कोडी घालतो मला! ज्याचा शेंबूड मी पुसला तो मला कोडी घालतो. बायकोने बोलायलासुद्धा शिकवून पाठवलंय. मी त्याला नाही नाही ते बोलले. आवाज चढला. आतून आईने भांडं आपटलं तेव्हा थांबले.

१० एप्रिल

काचघराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. आता बघू कशी पसरते.

भावजय दारापाशी येऊन म्हणाली, "माझ्या झाडांना पाणी?"

"घालीन."

"नुसतं पाणीच घाला हं, ताई. बाकी काही करू नका." आणि वर हात जोडले. मला टोमणा कळत नाही असं वाटतं हिला.

२४ एप्रिल

कुलूप लागून इतके दिवस झाले. काचघरात माझ्याशिवाय चिटपाखरू गेलेलं नाही. रोज मी एकटीच जाते, एकटीच पुसते, एकटीच कुलूप लावून येते. तरी कीड वाढतेच आहे! औषध मारलं की दबते, मी पुसून लख्ख केलं की पुन्हा हजर.

म्हणजे छपरातल्या हवेच्या झडपेतून येत असणार. ती झडप तिच्या खोलीच्या खिडकीसमोर आहे. आज शिडी लावून झडपेला जाळी ठोकली. खिडकीत भावजय उभी होती. तिच्या जांभळ्यांना मी लांबून नळीने पाणी मारते तेवढंच, त्यात एकीला दुष्टपणाने दोन दिवस मारलंही नाही, तरी त्या मेल्या फुलल्या आहेत.

आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"कोणाच्या काखेत?"

"मला काय विचारतेस? मी काय तिकडे जाते?"

आईही फितूर झाली आहे.

३ मे

सवतीचा दांडा वाळला. कळ्या धरायच्या आधीच.

पानं पिवळी पडली होती, कंद सुरकुतले होते, चिकटावर काजळी धरली होती. भिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, इतकी गेलेली झाडं ठेवू नका, जाळून टाका, बाकीची तरी वाचवू. दुपारी मागच्या अंगणात सवतीच्या बाकावरची सगळी झाडं जाळली. ओली पानं जळत नाहीत, नुसती धुमसतात. धाकटा काठीने ढोसत होता. भावजय घमेली भरभरून आणत होती, हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. मला तिच्या तोंडावर राख फासावीशी वाटली.

बाबांचं आता काही उरलं नाही. मी सांभाळायला घेतलं आणि वर्षभरात संपवलं, असंच लोक म्हणणार. मी किती घासलं, किती पुसलं, हे कोणाला दिसणार आहे?

जेवताना आईने आज सवतीची चौकशी केली नाही.

१० मे

धाकटा वेगळं घर करतोय. बाजारापलीकडे दोन खोल्या घेतल्या आहेत. मला हे त्याने सामान बांधताना सांगितलं! आईला महिनाभर आधीपासून माहीत होतं.

पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी, की मी त्यांच्या खोलीत खोकी द्यायला गेले आणि खिडकीत पडद्यामागे एक कुंडी दिसली. पानांवरूनच ओळखली. झोपेतसुद्धा ओळखेन. सवत. जिवंत, हिरवीगार, आणि तिला दांडा आला होता. दांड्यावर कळ्या.

मी ओरडले. रक्तदाब गेला खड्ड्यात. चोर म्हटलं, घरभेदी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. भावजय तशीच उभी, हातात कागदात अर्धवट गुंडाळलेली बशी.

"बाबांनी आजारपणात उशाशी घेतली होती ती कुंडी," ती म्हणाली. "तुम्हीच आणून दिलीत त्यांना, आठवतं? मला म्हणाले, हिला परत तिकडे नेऊ नकोस, सगळ्या एका छपराखाली नकोत. म्हणून ठेवली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज येऊन तिची..." पुढचं तिने गिळलं. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, ती कुंडी या घराबाहेर जाणार नाही. बाबांची आहे, घरात राहील. वरून माझ्या तोंडातून निघालं, "बाबा तुला परकीच समजत होते. कुंडी दिली असेल ती उसनवारीने." हे बोलायला नको होतं. बोलले.

१२ मे

गेले दोघं. टेम्पोत जांभळ्या कुंड्या चढल्या, त्या सगळ्यांच्या आधी, जावईबापूंसारख्या पुढच्या सीटवर.

सवतीची कुंडी भावजयीने स्वतः माझ्या हातात दिली. भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल, मी तयारीत होते. फक्त म्हणाली, "घ्या, ताई. तुमचीच आहे. पण हिला पुसू नका. बाकी काहीही करा, पुसू तेवढं नका."

निघतानासुद्धा हुकूम!

१३ मे

पुसली नाही. तिच्या सांगण्यावरून नाही, मी दमले होते म्हणून. कुंडी काचघरात रिकाम्या शेवटच्या बाकावर ठेवली आहे. एवढ्या मोठ्या बाकावर एकटीच.

१७ मे

आजही नाही पुसली. पानांवर धूळ बसली आहे. घर इतकं शांत आहे की आवाज चढवायला कोणी शिल्लक नाही.

२० मे

पहिली कळी उमलली. मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती कधी नव्हे ते उठली आणि म्हणाली, "चल, बघू तरी एकदा, काय एवढं होतं तिच्यात."

आई काचघरात येणार! मी तिला म्हटलं, जरा थांब, मी आवरते. आईला तिची सवत अशी पारोशी दाखवायची? वाटीत दूध-पाणी घेतलं, दारापासून सगळी झाडं घाईघाईने पुसली, आणि शेवटी, अगदी हलक्या हाताने, सवत. एकेक पान वरून, खालून, कळीच्या देठापर्यंत. पानं अशी चमकली की माझा मलाच अभिमान वाटला. मग आईला हाताला धरून आणलं आणि खुर्ची दिली.

आई फुलाकडे बघत बसली. मग तिने पेपर वाचायचं भिंग काढलं, फुलाच्या घशातला हिरवा रंग बघितला, आणि बाबांना एक शिवी दिली, तिची नेहमीची. फडकं मी शेजारीच बाकावर उन्हात पसरलं होतं. ते ओळखून तिने उचललं. "हा त्यांचा चौकटीचा सदरा ना गं?" म्हणाली आणि भिंग त्यावर धरलं.

"अगं," ती म्हणाली, "हे चालतंय."

मी भिंग घेतलं. सदऱ्याच्या पांढऱ्या चौकटीवर पिवळी धूळ होती. धूळ चालत होती. सगळीकडे, सगळ्या दिशांनी.

मी किती वेळ तशी वाकून उभी होते कोण जाणे. झाडं सोडून मला दुसरं काही दिसेना. दारापासून शेवटच्या बाकापर्यंत, रोज. रोज मीच. फवारलं, ते पुसलं. कुलूप लावलं आणि आत जाऊन पुसलं. आणि तो कोपरा, ज्याला मी कधी बोट लावलं नाही.

मी भावजयीला फोन लावला. तिने लगेच उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पुसलीत ना, ताई?"

मी ओरडले तिच्यावर. आधी का नाही सांगितलंस म्हणून ओरडले.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. भिंगवाल्याने सांगितलं, धाकट्याने सांगितलं, आईने शेंगा सोलता सोलता सांगितलं. आणि तरी मला राग येतोय. स्वतःचा येतोय, तो तर येणारच. पण जन्मात पहिल्यांदा मला बाबांचा राग येतोय. एक कुंडी बाहेर ठेव असं तिला सांगितलं त्यांनी. मला का नाही सांगितलं? माझ्या हातात फडकं देऊन गेले, आणि झाड तिच्या हातात.

भावजय म्हणाली, फडकं जाळा, पिल्लं अजून बसलेली नसतील, साबणाच्या पाण्याने झाड धुतलं तर वाचेल, पण ते मी करीन. कात्री, वाटी, तुमचे हात, काहीही तिच्याजवळ नेऊ नका. मी निघालेच, मिळेल त्या बसने येते.

सदरा आईने जाळला. मला जमलं नाही.

आता आई आत जाऊन पडली आहे आणि मी सवतीसमोर खुर्ची मागे ओढून बसले आहे. मधल्या पानाच्या टोकाला दुधाचा एक थेंब राहिलाय. सारखं तिकडेच लक्ष जातंय. भावजय येईपर्यंत हात रिकामे राहिले तर ते पुसायला जातील, म्हणून लिहीत बसले आहे.